भयंकर अट्रॅक्टा

शिकलेल्या इंग्रजीत 'फिअर्स' हा शब्द वाघाला, वादळाला, नाहीतर लढाईला लावतात. क्लूनबऱ्यात तो चहाला लावतात. तिथे चहा भयंकर चांगला असतो, वासरू भयंकर गुणी असतं, फादरांचं प्रवचन भयंकर लांबतं, आणि पलीकडच्या आळीतली म्हातारी गेली ती भयंकर शांतपणे गेली, असं लोक डोळे पुसत सांगतात. आपल्या 'भयंकर'चं आणि या शब्दाचं नातं सख्ख्या भावंडांचं, म्हणून इथे तोच चालवून घेऊ. आयर्लंडमधल्या गॅलवे परगण्याच्या त्या कोपऱ्यात भयंकर नाही असं काही शिल्लकच नव्हतं. तरीही नुसतं 'ती भयंकर बाई' म्हटलं, की पोस्टातल्या नुआलापासून पबमधल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना एकच नाव कळायचं. अट्रॅक्टा हेशन.

ती जन्मली तेव्हा सुईणीने तिला हातात तोलून पाहिलं आणि म्हणाली, भयंकर पोर आहे. बापाला ते कौतुक वाटलं, त्याने सुईणीला व्हिस्की पाजली. आईला काय वाटलं ते कोणी विचारलं नाही. पुढे शाळेत सिस्टर बेनिग्नस तोच शब्द ओठ आवळून उच्चारायची. बाकी मुली दोघी-दोघी मिळून बाक सरकवत, तिथे अट्रॅक्टा एकटी उचलून खिडकीशी नेऊन ठेवायची. सिस्टरने तिला हात मांडीखाली घेऊन बसायची शिक्षा लावली होती. देवाने मुलीला एवढे हात दिलेच कशाला, हा सिस्टरचा प्रश्न होता, आणि तो ती थेट देवाला विचारू शकत नसल्यामुळे अट्रॅक्टाला विचारायची.

पंधरा वर्षांची असताना दलदलीतून सरपणासाठी वाळवलेल्या मातीची ढेकळं आणताना बापाची गाढवगाडी चरात गेली. बाप मदतीला माणूस बघायला निघाला, तेवढ्यात पोरीने चाकाखाली खांदा घालून गाडी वर घेतली. बापाने आधी गाढवाकडे पाहिलं, मग रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. कोणी बघितलं नव्हतं. घरी येईपर्यंत तो तिला समजावत होता, की हे कुठे बोलायचं नाही, मुलीच्या जातीला ताकद असणं म्हणजे अंगावर कोड असण्यासारखं, झाकून ठेवलेलं बरं. बाप वाईट नव्हता. त्याला तिचं लग्न करायचं होतं.

ते काही झालं नाही. नाचाच्या हॉलमधून मॅटी क्लूननने तिला एकदा घरापर्यंत सोडलं होतं. फाटकाशी तिचा हात हातात घेऊन तो म्हणाला, "तुझे हात भयंकर आहेत." आता हे प्रेमाने म्हटलं की घाबरून, यावर अट्रॅक्टाने एक अख्खा हिवाळा विचार केला. तोवर मॅटी कामासाठी बर्मिंगहॅमला निघून गेला, आणि मेंढ्या व्यायला लागल्यावर तिला विचार करायला वेळ राहिला नाही.

मग आईला अर्धांगाचा झटका आला. आईला पलंगावरून चुलीशेजारच्या खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर नेणं हे आता रोजचं झालं, कित्येक वर्षं चाललं. फादर भेटायला आले की आई वाकड्या झालेल्या तोंडाने त्यांना सांगायची, "हात भयंकर हलका आहे हो हिचा." त्या शब्दाचे जेवढे म्हणून अर्थ अट्रॅक्टाच्या वाट्याला आले, त्यांतला हा एकच तिने मनात जपला. आई गेली तेव्हा ती पहिल्यांदा रिकाम्या हातांनी बसली आणि तिला ते हात कुठे ठेवावेत ते कळेना.

तिचा थोरला भाऊ जार्लथ शेजारच्याच घरात राहायचा. मेंढ्यांची लोकर कातरण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, आणि गावच्या रस्सीखेचीच्या संघाचा तो गुरू होता. क्लूनबऱ्यात रस्सीखेच म्हणजे धर्मच, फक्त त्याला फादर लागत नाहीत. आठ गडी, एक दोर आणि चिखल. जार्लथची गडी निवडायची एक रीत होती. एकेकाला तो अट्रॅक्टाच्या खळ्यात आणायचा, दोराचं एक टोक त्याच्या हातात द्यायचा, दुसरं बहिणीच्या, आणि म्हणायचा, हलव तिला. ती टाच रोवून, अंग मागे टाकून उभी राहायची. तिला हलवणारा काही कधी निघाला नाही, म्हणून जो जास्त वेळ टिकेल त्याला संघात घ्यायचं असं ठरलं. निवड झाली की ती आत जाऊन सगळ्यांसाठी हॅमचे सँडविच करायची. क्लूनबऱ्याने तीस वर्षांत परगण्याचे किती चषक आणले, ते पबच्या फळीवर मांडलेले आहेत. त्या खळ्याबद्दल मात्र गावाबाहेर कोणी चकार शब्द काढला नाही.

ऐंशीच्या दशकात परगण्याच्या क्रीडादिनात बायकांचीही रस्सीखेच ठेवल्याचं जाहीर झालं. तोवर बायकांना चमच्यात अंडं घेऊन पळायची शर्यत होती. अट्रॅक्टा पन्नाशीला टेकली होती. तिने ती बातमी पोस्टाच्या दारावर वाचली, घरी आली, आणि चुलीपुढे बसून स्वतःशी कबूल केलं, की आपल्याला हे हवं आहे. एकदाच. चार लोक बघत असताना, गावाच्या नावाने, दोर धरायचा आहे. एवढं काही तिने आयुष्यात मागितलं नव्हतं, आणि मागायची सवय नसल्यामुळे ती आधी भावाकडे गेली.

जार्लथ म्हणाला, क्लबचा दोर पुरुषांचा आहे. जर्सी पण. वर म्हणाला, बायका चिखलात लोळल्या तर गावाला भयंकर शोभा येईल. जार्लथने आयुष्यात कोणाचं कौतुक केलं नव्हतं. चषक आणणाऱ्या संघालाही तो 'बरं होतं' एवढंच म्हणायचा, त्यामुळे त्याच्या नकाराचं कोणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते त्याच्या मुलीचं. बावीस वर्षांची डिंफना, कमरेखाली येणारी लाल वेणी, ऑगस्टमध्ये लग्न ठरलेलं. ती ताटावरून उठली, आत्याच्या घरी गेली आणि म्हणाली, "आत्या, मी एक. अजून सहा शोधू."

शोधल्या. बेकरीतली पेग फिनर्टी, शाळेतली स्वयंपाकीण, दोघी जुळ्या बहिणी, अशा करत मिळाल्या. पोस्टातली नुआला काडीसारखी होती, तिला राखीव ठेवलं. मासेमारीच्या बोटीवरचा जुना दोर कोणाच्या तरी मेहुण्याकडून आला. शर्ट घरीच हिरवे रंगवले, ते कोणाचे कोबीसारखे झाले, कोणाचे शेवाळासारखे. अट्रॅक्टा त्यांना गवताच्या गोदामात शिकवायची, आणि शिकवणं म्हणजे फार बोलणं नव्हतं. ओढू नका, झुका. हातांनी ओढलं की दमता, अंगाने झुकलात की दमत नाही. स्वतः ती रांगेत सगळ्यांत मागे, शेवटचा गडी. त्याच्या खांद्यावरून दोर जातो आणि बाकीचे सात जण त्याच्या भरवशावर मागे झुकतात.

या खेळात आठ जणांचं मिळून वजन ठरलेल्या आकड्याच्या आत असावं लागतं. क्रीडादिनाच्या सकाळी त्यांनी जार्लथच्या लोकर तोलायच्या काट्यावर एकेकीला तोललं, तर दोन पौंड हाताशी उरत होते. मिनीबस जार्लथ चालवणार होता. त्याच्या बायकोने त्याला तसं सांगितलं होतं, आणि जार्लथ दोराला भीत नसला तरी बायकोला भ्यायचा.

आणि इथेच घात झाला. मैदानाच्या वाटेवर कन्सेप्टा मावशीचं घर लागतं. अट्रॅक्टाच्या आईची ही धाकटी बहीण, वय ऐंशीच्या पुढे, आणि घर अगदी रस्त्यालगत, खिडकीत ती बसलेली. दारावरून गेलो आणि थांबलो नाही, तर ती मेल्यावरसुद्धा बोलणार नाही, हे सगळ्या हेशन कुटुंबाला ठाऊक होतं. अट्रॅक्टाच म्हणाली, दोन मिनिटं थांबू, दारातूनच, कोणी बसायचं नाही.

क्लूनबऱ्यात चहाला एकदा नाही म्हणायचं असतं, दुसऱ्यांदा नाही म्हणायचं असतं, आणि तिसऱ्यांदा बसायचं असतं. पहिल्या दोन वेळा तर त्या भयंकर निश्चयाने नाही म्हणाल्या. मावशीला तारीख ठाऊक होती आणि ती गुरुवारपासून भाजत होती. हॅम आलं, काळा पाव आला, लोणी आलं. सफरचंदाचा टार्ट आला, त्यावर साय. एकीने ताटली पुढे सरकवली तर मावशीने हळूच विचारलं, चांगला झाला नाही का गं? मग ती ताटली पुन्हा भरली. शेवटी ट्रायफल आलं, केक, कस्टर्ड आणि सायीचे थरावर थर, काचेच्या मोठ्या भांड्यात, तिच्या लग्नात मिळालेल्या. ते भांडं बाहेर निघालेलं बघून नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही. सगळ्यांत जास्त जार्लथने खाल्लं, पण त्याला कोणी तोलणार नव्हतं.

मैदानावरचा काटा नर्स गेराटीच्या ताब्यात होता. भल्या स्वभावाची, पण आकड्याच्या बाबतीत देवाचीही भीड न ठेवणारी बाई. तिने आठही जणींचे आकडे लिहिले, बेरीज केली, परत केली, आणि चष्मा काढून म्हणाली, चौदा पौंड जास्त आहेत. तासाभरात कमी करा, नाहीतर संघ बाद.

कोणी कोणाकडे बघेना. मग पेग म्हणाली, ट्रायफल. त्यानंतर क्लूनबऱ्याच्या आठ बायका, जुलैच्या उन्हात, गमबूट आणि लोकरीचे कोट घालून मैदानाभोवती पळायला लागल्या. लोक आइस्क्रीम खात बघत होते. पोरं मागून पळत होती. जुळ्यांपैकी एकीला ओकारी आली, तर बाकीच्यांनी तिची पाठ थोपटली आणि शाबास म्हणाल्या. तासाअखेर पुन्हा काट्यावर चढल्या. बूट काढले, अंगठ्या काढल्या, गळ्यातले क्रॉस देवाची माफी मागून काढले. काटा खाली आला, आला, आणि अडला. अजून सव्वा पौंड.

नर्स गेराटी हळू आवाजात म्हणाली, की राखीव बाई बारीक दिसते. सगळ्यांत जड आहे तिला उतरवा आणि हिला घ्या, प्रश्न मिटला. सगळ्यांत जड कोण ते तिने म्हटलं नाही. गरज नव्हती.

अट्रॅक्टाने बूट हातात धरले होते. समोरच्या संघातल्या, लॉकमोर गावच्या बायका पलीकडे दोरावर राळ चोळत होत्या. मंडपात कर्णा वाजत होता. तिला वाटलं होतं त्यापेक्षा हे सोपं होतं, कारण आयुष्यभर याचीच सवय होती.

"मी उतरते," ती म्हणाली. "मावशीकडे थांबू असं मीच म्हटलं होतं. नुआला, शर्ट घे."

नुआलाने हात पुढे केला नाही. ती रडायलाच लागली. आणि डिंफना मिनीबसकडे गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात बापाची लोकर कातरायची मोठी कात्री होती. ती कात्री जार्लथच्या गाडीत बारा महिने असायची, आणि ती तिने बापाच्या पुढ्यात धरली.

"बाबा, वेणी काप."

"तुझं लग्न आहे पंधरा दिवसांनी," जार्लथ म्हणाला.

"पॅट माझ्याशी लग्न करतोय. वेणीशी करत असेल तर आजच कळलेलं बरं."

पेग फिनर्टीने गुरुवारीच शहरात जाऊन केस कुरळे करून घेतले होते, या दिवसासाठी मुद्दाम. तिने डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि डिंफनाच्या मागे रांगेत उभी राहिली. तिच्यामागे जुळ्या उभ्या राहिल्या, मग बाकीच्या. अट्रॅक्टा म्हणाली, अगं हा काय वेडेपणा, नुआला चांगली ओढते, जार्लथ, तू सांग यांना.

सगळे जार्लथकडे बघायला लागले. लॉकमोरचा गुरूही आला होता, परगण्याच्या कमिटीचे दोघे आले होते, आइस्क्रीमवाले आले होते. जार्लथला एवढ्या लोकांसमोर बोलायची सवय नव्हती. तो कात्रीच्या पात्यांकडे बघत बोलला.

"शेवटचा गडी उतरवत नसतात," तो म्हणाला. "आम्ही तीस वर्षं तुम्हाला हरवतोय. का, ते सांगतो. आमचा एकेक गडी आधी हिच्यासमोर उभा राहिलेला आहे. हिला कोणी हलवू शकलं नाही. मीसुद्धा नाही. आम्ही हे कुठे बोललो नाही, कारण आम्हाला लाज वाटायची. लाज भलत्याच गोष्टीची वाटत होती." मग त्याने बादली पालथी घातली आणि मुलीला म्हणाला, "बस. मान वाकव."

मेंढीवर त्याचा हात कधी अडला नव्हता. इथे पहिली कातर घालायच्या आधी तो दोनदा थांबला. मग वेणी त्याच्या मुठीत आली, मुळापासून, आणि त्याने ती एखादी जिवंत वस्तू ठेवावी तशी गवतावर ठेवली. उरलेले केस त्याने अगदी कातडीपर्यंत उतरवले, कारण सव्वा पौंड म्हणजे सव्वा पौंड. हसणारे लोक पेगची पाळी आली तोवर गप्प झाले होते. जुळ्यांच्या वेळी एका म्हाताऱ्याने टोपी काढली. अट्रॅक्टाचे केस पहिल्यापासून पुरुषासारखे आखूड, तिच्याकडे द्यायला काहीच नव्हतं. तिला नुसतं उभं राहून घ्यावं लागलं, आणि कोणाकडून काही घेण्याइतकं अवघड काम तिने तोवर केलं नव्हतं.

नर्स गेराटीने आठही जणींना तोललं. बेरीज केली, परत केली. मग तिने शिक्का उचलला आणि नको इतक्या जोराने कागदावर मारला.

तीनपैकी दोन खेची जिंकायच्या असतात. पहिली खेच लॉकमोरने घेतली, कारण क्लूनबऱ्याच्या बायका पळून पळून अर्धमेल्या झाल्या होत्या. दुसरी क्लूनबऱ्याने घेतली, कशी ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. तिसरीला पंचाने दोर उचलायला सांगितलं तेव्हा जार्लथ बहिणीच्या शेजारी उकिडवा बसला. संघाला हाक देणारं कोणी नव्हतं आणि त्याने कोणाला विचारलं नाही.

शेवटच्या गड्याला समोरच्या शत्रूचे चेहरे दिसत नाहीत, आपल्याच माणसांच्या पाठी दिसतात. अट्रॅक्टाने मान वर केली. पुढे सात उघड्या माना होत्या. ऊन कधी न पाहिलेल्या, दुधासारख्या गोऱ्या, कुठे कात्रीचा ओरखडा उठलेला, डिंफनाच्या कानामागे रक्ताचा एक ठिपका. पेगच्या कानाचा आकार एवढा मजेशीर असेल असं कोणाला वाटलं नसतं. अट्रॅक्टाला इतका अभिमान वाटला की श्वास घेताना छाती दुखली. या सात जणी मागे न बघता तिच्या जोरावर झुकणार होत्या.

पंच म्हणाला, ताण घ्या. मग म्हणाला, स्थिर. मग ओढा.

लॉकमोरने सगळं बळ एकदम लावलं. दोर कुरकुरला, माना ताठ झाल्या, आणि सगळा भार एकेका अंगातून मागे येत येत अट्रॅक्टाच्या खांद्यावर पोचला. तिथे तो थांबला. तिच्या टाचेखाली माती फाटली, पण टाच हलली नाही. लॉकमोरने पुन्हा झटका दिला. जार्लथचं तोंड तिच्या कानाशी होतं.

"धर," तो म्हणाला. "तू धरलंस की झालं. अट्रॅक्टा, मी बघतोय तुला. सगळे बघतायत."

तिला ते ऐकू आलं. कर्णा बंद झाला होता, मंडपातल्या बायका कपबशा हातात घेऊन बाहेर आल्या होत्या. पलीकडे कोणाचा तरी बूट घसरला, दोरात एक बारीकशी थरथर आली, आणि ती सगळ्यांच्या आधी अट्रॅक्टाला कळली. आजवर तिचं काम न हलण्याचं होतं. तिने उजवी टाच उचलली आणि एक पाऊल मागे टाकलं. समोरच्या सातही माना तिच्या मागोमाग आल्या. मग तिने दुसरं टाकलं, आणि लॉकमोरची अख्खी रांग रेषेच्या अलीकडे येईपर्यंत ती थांबली नाही.